मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी दर वेळी अडकता? रस्ता नंतर शोधा, आधी बाजू ओळखा

लक्षणं नेहमीची आहेत. एरवी पंचवीस मिनिटांचा रस्ता. निघताना फोनवरचा नकाशा अठ्ठावीस मिनिटं दाखवतो. दहाव्या मिनिटाला पहिलं बॅरिकेड लागतं. डावीकडे वळावं तर पुढच्या चौकात दुसरं. नकाशा नवा मार्ग काढतो आणि फिरवून फिरवून त्याच बंद रस्त्यावर आणून सोडतो. तासाभराने बघावं तर आपण घरापासून फार लांब आलेलो नसतो, आणि जायचं ठिकाण मात्र रस्त्याच्या पलीकडे डोळ्यांना दिसत असतं.

आमच्या घरी हे चार वेळा झालं. माझ्या सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास यंत्रावर. वेळ चुकवून चालत नाही, कारण त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर दुसरा पेशंट यायचा असतो. एका सुट्टीच्या दिवशी शहरात मोठी दौड होती. आम्ही बॅरिकेडपाशी थांबलो तेव्हा डायलिसिस केंद्राची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मला गाडीतून दिसत होती. मधे फक्त रस्त्याची रुंदी. सासूबाई फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात, मांडीवरच्या उशीवर ठेवून गप्प बसल्या होत्या आणि मी नकाशावर बोट फिरवत पाचवा मार्ग शोधत होते. पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर मी हा प्रश्न शांतपणे बसून सोडवायला घेतला. ज्यांना अशा दिवशीही ठरलेल्या वेळी पोचणं भागच असतं, त्यांच्यासाठी जे हाती लागलं ते लिहिते आहे.

चूक नेमकी कुठे होते

बंद रस्ता म्हणजे जणू खोदकाम चाललेला एक तुकडा, तेवढा टाळला की झालं, असं धरून आपण निघतो. खोदकामाला वळसा घालता येतो. दौड, मिरवणूक, मोर्चा, सायकल शर्यत यांचा मार्ग तसा नसतो. तो शहराच्या मधून आडवा पडतो. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. एवढी लांब रेषा कुठल्याही शहरावर टाकून बघा, शहराचे दोन तुकडे होतातच, कधी तीन-चार होतात. अशी रेषा म्हणजे एका दिवसापुरती नदी. नदीच्या काठाकाठाने कितीही गल्ल्या शोधल्या तरी पलीकडे जाता येत नाही. त्यासाठी पूल कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

पॅरिसमध्ये २०२४ च्या ऑलिंपिकच्या वेळी हे अगदी शब्दशः घडलं. उद्घाटनाचा सोहळा २६ जुलैला सीन नदीवरच होता. त्याआधी १८ जुलैपासूनच नदीकाठच्या पट्ट्यात शिरायला क्यूआर कोडचा पास लागायला लागला, पट्ट्यातली बरीच मेट्रो स्थानकं बंद झाली, आणि तिथे राहणाऱ्या लोकांनाही घरी जायला तो पास काढावा लागला. ज्यांचं घर एका काठावर आणि काम दुसऱ्या काठावर, त्यांचं अंतर एका मीटरनेही वाढलं नव्हतं. पलीकडे जायच्या जागा तेवढ्या मोजक्या झाल्या होत्या.

म्हणून पहिलं काम हे: कार्यक्रमाचा मार्ग जाहीर झाला की नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर बोटाने ती रेषा ओढा. मग दोन टिंबं द्या, एक घराचं आणि एक जायच्या ठिकाणाचं. दोन्ही टिंबं रेषेच्या एकाच बाजूला असतील तर तुमचा प्रश्न जवळजवळ सुटलाच. फक्त रेषेच्या जवळ फिरकायचं नाही. बाहेरचा लांबचा रस्ता धरायचा. टिंबं दोन बाजूंना असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

पूल कुठे असतात

खरे भरवशाचे पूल ते, ज्यांना कार्यक्रमाशी देणंघेणं नसतं. रस्त्यावरून मिरवणूक जात असली तरी वरून उड्डाणपूल जातो, खालून भुयारी मार्ग जातो, लोकल किंवा मेट्रो जाते. रेल्वे स्थानकाचा पादचारी पूल हा तर सगळ्यात दुर्लक्षित पूल. पुष्कळ स्थानकांत तो रुळांच्या पलीकडच्या वस्तीत उतरतो आणि रेषा नेमकी मधल्या रस्त्यावर असते. लंडनमध्ये ग्रिनिचला थेम्सखालून चालत जायचा बोगदा १९०२ पासून आहे. लंडन मॅरेथॉनचा मार्ग नदीच्या दोन्ही काठांवरून जातो, पण बोगदा नदीच्या तळाखालीच राहतो. आपापल्या शहरात असं काय काय आहे याची यादी एकदा शांत दिवशी करून ठेवावी. ती वर्षानुवर्षं बदलत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. रेषेला अगदी चिकटून असलेलं स्थानक त्या दिवशी गर्दीमुळे बंद असू शकतं. बॉस्टन मॅरेथॉन जिथे संपते तिथलं कॉपली स्थानक शर्यतीच्या दिवशी बंदच ठेवतात. गाडी तिथून जाते, पण थांबत नाही. म्हणून बेत करताना नेहमी एक स्थानक अलीकडचं किंवा पलीकडचं धरा आणि उरलेलं अंतर चाला.

त्यानंतर येतात आयोजकांनी ठेवलेल्या ओलांडण्याच्या जागा. गाड्यांसाठी असल्या तर एखाद-दुसरीच, पण पायी ओलांडायच्या बऱ्याच असतात आणि त्यांची माहिती लोक विचारतच नाहीत. मोठ्या दौडीत स्वयंसेवक काय करतात ते मी जवळून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध फीत धरून ते धावणाऱ्यांना आधी एका अर्ध्या भागात वळवतात. मोकळ्या झालेल्या अर्ध्या रस्त्यातून लोक मधल्या जागेपर्यंत येऊन थांबतात. मग फीत फिरते, धावणारे दुसऱ्या बाजूने जायला लागतात आणि थांबलेले लोक उरलेला अर्धा रस्ता ओलांडतात. दौड क्षणभरही थांबत नाही आणि व्हीलचेअरसुद्धा पलीकडे जाते. ही सोय ठराविक चौकांतच असते. कुठल्या चौकात, हे आयोजकांच्या पत्रकात असतं, नसेल तर फोन करून विचारावं.

नदीला उगमाच्या वर आणि मुखाच्या पुढे वळसा घालता येतो, तसा या रेषेलाही येतो. त्यातही सुरुवातीची बाजू बरी. शेवटाची जागा बहुधा सगळ्यात आधी बंद होते, कारण कमान, मंच, कठडे उभे करायचे असतात, आणि सगळं उतरवून होईपर्यंत उघडत नाही. सुरुवातीकडचा भाग मात्र लोक पुढे गेले की मोकळा व्हायला लागतो. हिशोबही करता येतो. मॅरेथॉनला सहा तासांची मर्यादा असेल तर सगळ्यात मागचा धावपटू ताशी सुमारे सात किलोमीटरने चालला आहे. म्हणजे चौदाव्या किलोमीटरवरून तो निघाल्यापासून दोन तासांनी जाईल. त्याच्यामागून झाडलोट आणि कठडे उचलणं, त्याला आणखी पाऊण-एक तास धरा. तुम्हाला दुपारी जायचं असेल तर रेषा कुठे ओलांडायची हे यावरून ठरतं.

मार्ग गोल असेल, म्हणजे निघून तिथेच परत येणारा, तर आतल्या भागाचं बेट होतं. बेटावर राहणाऱ्यांनी गाडी आदल्या रात्रीच बाहेर नेऊन लावावी. याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

नकाशा का फसवतो

फोनवरचा नकाशा रस्त्यावरची गर्दी ओळखतो ती मुख्यतः लोकांच्या फोनच्या वेगावरून. २०२० च्या सुरुवातीला बर्लिनमधल्या एका कलाकाराने एका छोट्या हातगाडीत ९९ चालू फोन भरले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यांवरून हळूहळू ओढत नेली. गूगल मॅप्सवर त्या रस्त्यांवर लाल रेघ उमटली, कोंडी असल्यासारखी. कार्यक्रमाच्या दिवशी आपल्याला यासारख्याच चकव्यांना तोंड द्यावं लागतं. रेषेजवळ हजारो फोन चालत असतात, उभे असतात. उलट बंद केलेल्या रस्त्यावर गाडीच नसते, त्यामुळे तिथला वेग कळायला काही आधार उरत नाही, आणि रस्ता बंद असल्याची नोंद कुणी केली नसेल तर नकाशा तो मोकळाच समजतो. गल्लीच्या तोंडाशी आडवा लावलेला बाक उपग्रहाला दिसत नाही.

नकाशा वापरू नका असं मी म्हणत नाही. त्याला मार्ग ठरवू देऊ नका एवढंच. तुम्ही निवडलेला पूल मधला थांबा म्हणून त्यात घाला, म्हणजे तो तुम्हाला आधी तिथे नेईल आणि मग पुढे. हा एक बदल केल्यापासून बॅरिकेडपाशी जाऊन परत फिरण्याचे आमचे फेरे थांबले. शिवाय त्या भागाचा नकाशा आदल्या दिवशी घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. मोठ्या गर्दीत नेटवर्क गुदमरतं, पण जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ठिकाण दिसत राहतं. गर्दीत फोन लागत नसला तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.

वेळेचं गणित

पत्रकात लिहिलेलं असतं की रस्ता सकाळी सहा ते बारा बंद. हे वाचून आपण बाराला निघतो, आणि कोंडीच्या ऐन भरात सापडतो. असं का होतं ते आकड्यांत बघू. सिग्नलला हिरवा दिवा असताना एका लेनमधून तासाला साधारण १,८०० गाड्या जाऊ शकतात. दिवा निम्मा वेळ लाल असतो, म्हणजे प्रत्यक्षात ९००. आता बंद रस्त्याच्या गाड्या वळून या लेनमध्ये आल्या आणि तासाला १,३०० गाड्या यायला लागल्या, तर दर तासाला ४०० गाड्या साचतात. दोन तासांत ८००. एका गाडीला पुढची-मागची जागा धरून सात मीटर दिले तरी एका लेनमध्ये साडेपाच किलोमीटरची रांग झाली. रस्ता बाराला उघडला म्हणून ही रांग बाराला नाहीशी होत नाही. ती विरायला तास-दीड तास लागतो.

त्यामुळे मी दोनच वेळा मानते. बंद व्हायच्या किमान तासभर आधी रेषा ओलांडून झालेली असावी, नाहीतर उघडल्यानंतर दीड तासाने निघावं. मधल्या वेळात गाडीने ओलांडायचा विचारच सोडावा.

यातच एक दिलासाही आहे. रेषेपासून लांबचे रस्ते अशा दिवशी बहुतेक वेळा नेहमीपेक्षा मोकळे असतात. लॉस एंजेलिसमध्ये जुलै २०११ मध्ये एक पूल पाडण्यासाठी ४०५ क्रमांकाच्या महामार्गाचा सोळा किलोमीटरचा तुकडा ५३ तास बंद राहणार होता. सगळं शहर ठप्प होईल असा इशारा कित्येक आठवडे दिला जात होता. लोकांनी तो मनावर घेतला, घरीच राहिले किंवा जवळच्या जवळ फिरले, आणि रस्ते एरवीच्या शनिवार-रविवारपेक्षा रिकामे राहिले. काम लवकर संपलं आणि महामार्ग रविवारी दुपारीच उघडला. वाहतुकीचे अभ्यासक याला नाहीशी होणारी वाहतूक म्हणतात. रस्ता अरुंद किंवा बंद केलेल्या सत्तरहून जास्त ठिकाणांची तपासणी ब्रिटनमधल्या संशोधकांनी केली होती. त्यातल्या निम्म्या ठिकाणी ११ टक्क्यांहून जास्त वाहतूक आजूबाजूच्या रस्त्यांवरही गेली नाही, ती झालीच नाही. म्हणून लांबचा बाहेरचा रस्ता दिसायला दुप्पट असला तरी तो घ्यायला मी आता कचरत नाही.

आम्हाला लागू पडलेला उपाय: दोन गाड्या, मधे चाल

चालता येणाऱ्या माणसाला मी एवढंच सांगेन की शेवटचे दोन किलोमीटर चालत जा. अर्धा तास लागेल आणि तो ठरलेला अर्धा तास असेल. गाडीत बसून मात्र तुम्हाला काहीच ठरवता येत नाही. चालताना गर्दीच्या कडेने चला. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं झाली की गर्दी स्वतःच ढकलायला लागते आणि एकट्या माणसाच्या हातात काही राहत नाही. पुढे तशी दाटी दिसली तर आधीच्याच गल्लीतून बाहेर पडा.

पण ज्यांना चालवत नाही त्यांचं काय, हा आमचा खरा प्रश्न होता. शेवटी आम्ही प्रवासाचे तीन तुकडे केले. घरून आमच्या गाडीने ओलांडायच्या जागेपासून तीनशे मीटर अलीकडे, एका शांत गल्लीपर्यंत. तिथून व्हीलचेअरवर, स्वयंसेवकांच्या मदतीने रस्ता ओलांडून पलीकडे. पलीकडे माझा दीर गाडी घेऊन थांबलेला, तो पहाटेच रेषा ओलांडून गेला होता. पलीकडे कुणी नातेवाईक नसेल तर तिथून भाड्याची गाडी बोलवावी, पण पत्ता रेषेपासून दोन-तीन गल्ल्या आतला द्यावा. रेषेवरचा पत्ता दिला तर चालक पोचू शकत नाही आणि फेरी रद्द होते.

व्हीलचेअर ढकलताना मला एक गोष्ट आधी माहीत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर केबल टाकलेल्या असतात, त्यावर रबराची उंच पट्टी असते. पुढची छोटी चाकं त्यावर अडतात आणि खुर्ची पुढे झुकते. तिथे खुर्ची उलटी फिरवायची आणि मागची मोठी चाकं आधी चढवायची. सासूबाईंनीच ते सुचवलं. घरून डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत सगळे मिळून पन्नास मिनिटं लागली, आणि आम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो होतो.

याहूनही चांगला उपाय म्हणजे ओलांडायची वेळच येऊ न देणं. पंधरा दिवस आधी केंद्राला फोन केला तर पाळी एक दिवस अलीकडे-पलीकडे करून मिळते. दोन दिवस आधी केला तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात. परीक्षा, विमान, लग्न असं काही असेल तर आदल्या रात्री पलीकडच्या बाजूला मुक्कामाला जाणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. तो खर्चिक वाटतो, पण चुकलेल्या परीक्षेपुढे तो काहीच नाही.

तब्येतीचा प्रसंग आला तर

हा भाग मी विशेष कळकळीने लिहिते आहे. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या अकरा शहरांचा अभ्यास आला. मॅरेथॉनच्या दिवशी हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा हृदय बंद पडलेल्या वयस्क रुग्णांपैकी २८.२ टक्के महिन्याभरात दगावले होते. एरवीच्या दिवशी हे प्रमाण २४.९ टक्के होतं. त्या सकाळी रुग्णवाहिकांना रुग्णालयात पोचायला सरासरी ४.४ मिनिटं जास्त लागली होती. हे धावणारे लोक नव्हेत. हे आपापल्या घरी असलेले, रेषेजवळ राहणारे म्हातारे लोक.

म्हणून अशा दिवशी छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, श्वास लागतोय असं काही झालं तर स्वतःच्या गाडीत घालून निघू नका. रुग्णवाहिका बोलवा. बॅरिकेड तिच्यासाठी बाजूला होतं, तुमच्या गाडीसाठी प्रत्येक चौकात समजावत बसावं लागतं. फोनवर पत्त्याबरोबर एक वाक्य जास्त सांगा: कार्यक्रमाच्या मार्गाच्या कुठल्या बाजूला आहात आणि कुठल्या गल्लीतून आत येता येईल. आपल्या बाजूला कुठलं रुग्णालय आहे हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. नेहमीचं रुग्णालय रेषेच्या पलीकडे असेल तर त्या एका दिवसासाठी अलीकडचं रुग्णालय हेच तुमचं रुग्णालय.

हे वाचताना अडकलेलेच असाल तर

गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या गल्लीत वळून बघण्याचा मोह टाळा, कारण रेषेला समांतर फिरत राहिलात तर तुम्ही त्याच रांगेत पुन्हा पुन्हा येता. नकाशावर रेषा कुठे आहे ते बघा आणि गाडी तिच्याकडे पाठ करून वळवा. एक-दीड किलोमीटर मागे गेलात की रस्ते सुटे होतात, तिथून विचार करता येतो.

बॅरिकेडवरच्या पोलिसाला किंवा स्वयंसेवकाला विचारायचं असेल तर "इथून सोडा ना" असं म्हणू नका. त्यांच्या हातात ते नसतं आणि ते दिवसभर तेच ऐकत असतात. "चालत ओलांडायची जवळची जागा कुठे?" आणि "गाडी पलीकडे कुठून जाते?" एवढे दोन प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी मिळतं, आणि ती जागा बहुतेक वेळा आपल्याला वाटते त्याहून जवळ असते. उत्तर मिळालं की गाडी लावायला जागा शोधा, जिथे पोचायचं आहे तिथे फोन करून सांगा की अमुक चौकातून चालत येतो आहोत, वीस मिनिटं लागतील. पलीकडून कुणी घ्यायला येऊ शकत असेल तर त्यांना त्याच चौकात बोलवा.